सड्याखालची झर आर्टेशियन आहे का, आणि घागरीत सापडलेला तो पांढरा जीव कोण?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी, देवळामागे एक जुनी झर आहे आणि वाड्यावरची बरीच घरं अजून पिण्याचं पाणी तिथूनच नेतात. गेल्या वर्षी खालच्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, बोअर मारली. ऑगस्टमध्ये तिच्यातून पंप न लावताच पाणी वर आलं आणि तेव्हापासून गावात 'आर्टेशियन' हा शब्द फिरतोय. पंचायतीला आता झरीवर काँक्रीटची टाकी बांधून नळ बसवायचेत. त्यातच एकीच्या घागरीत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा जीव सापडला, कुशीवर पोहणारा, डोळे नसलेला. तर झर खरंच आर्टेशियन आहे का? पाणी बिघडलं का? ब्लीचिंग पावडर टाकायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला थांबता येणार नाही. झरीच्या तोंडात ब्लीचिंग पावडर टाकू नका. कोणी आधीच टाकली असेल तर पुन्हा टाकू देऊ नका. पिण्याचं पाणी निर्जंतुक करायचं ते साठवणीच्या टाकीत किंवा घरच्या हंड्यात, झरीच्या डोळ्यापाशी, म्हणजे पाणी जमिनीतून बाहेर येतं तिथे, नाही. तो जीव म्हणजे घाण नव्हे, तो झरीच्या घरचाच माणूस आहे. त्याच्याकडे नंतर येते.

आर्टेशियनचं बघू. फ्रान्समध्ये आर्त्वा नावाचा प्रांत आहे. तिथल्या लिलेर गावी कार्थुझियन साधूंनी 1126 साली विहीर खणली आणि पाणी आपसूक वर आलं, त्या प्रांतावरून हे नाव पडलं. आपल्याकडे समजून घ्यायला कुळागरातला पाइप पुरे. वरच्या टाकीतून खाली आणलेला पाइप भरलेला असतो. खालच्या टोकाजवळ त्याला भोक पडलं की कारंजं उडतं, कारण पाण्याला टाकीच्या पातळीपर्यंत चढायचं असतं आणि पाइपची भिंत त्याला सोडत नसते. जमिनीखाली त्या पाइपचं काम वाळूखडक किंवा भेगाळ खडक करतो. वर-खाली चिकणमातीचे न पाझरणारे थर म्हणजे पाइपच्या भिंती आणि दूरवर उंचावर, जिथं तो खडक उघडा पडून पाऊस पितो, ती टाकी. यातलं काहीही एक कमी असेल तर आर्टेशियन नाही. भिंत फुटली तर दाब गेला, टाकी रिकामी झाली तरी दाब गेला.

याचं जगातलं मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरवर पसरलंय, म्हणजे त्या खंडाचा पाचवा हिस्सा. गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, यावरून अंदाज करा. तिथलं काही पाणी दहा लाख वर्षांहून जुनं आहे. 1878 मध्ये तिथं पहिली वाहती बोअर लागली आणि मग मेंढपाळांनी हजारो बोअरी मारून पाणी उघड्या चरांत सोडून दिलं. त्यातलं बहुतेक उन्हात उडून, मातीत मुरून वाया गेलं, दाब घसरला आणि वाळवंटातले कितीतरी झरे मेले. 1999 पासून सरकारने पैसे घालून त्या बोअरींना तोटी बसवायला घेतली. वाहत्या बोअरीला तोटी नसणं हा तिथं शंभर वर्षांचा धडा आहे. तुमच्या गावातल्या बोअरीलाही अजून तोटी नाही असं प्रश्नात दिसतं, तेवढं आधी करा.

आता आपला सडा. गोव्यातल्या बहुतेक सड्यांची घडण एकसारखी आहे. वर जांभा, भोकाभोकांचा, पावसाळ्यात चाळणीसारखा. त्याच्या खाली लिथोमार्ज, म्हणजे मूळ खडक कुजून झालेली पांढरट, गुलाबी, कुठे पिवळट मऊ चिकणमाती. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे तांबड्या जांभ्याखाली ती दिसते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जांभ्यातून उतरतो, मातीवर अडतो, तिच्या उतारावर आडवा सरकतो आणि सड्याच्या कडेला जिथे ती माती उघडी पडते तिथे बाहेर येतो. ही झाली संपर्क-झर. दाब नाही, भिंत नाही, नुसता उतार. पणजीत अल्तिनोच्या पायथ्याशी फोंतेन्हास आहे, त्या वाड्याचं नावच झरीवरून पडलंय. वेर्ण्याच्या सड्याच्या कडेला केसरवाळची झर आहे. तुमची देवळामागची झर मी पाहिलेली नाही, पण ती जांभा आणि मातीच्या सांध्यावर असेल तर ती याच कुळातली, आर्टेशियन नव्हे.

पाणी तळातून उसळतं यावरून लोक फसतात. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीत तळापासून बुडबुडे येतात ते वायूचे, त्यावरून खाली दाबाचं पाणी आहे असं ठरत नाही. राजापूरची गंगा काही वर्षांनी एकदा अवतरते, तिलाही आर्टेशियन म्हणणारे मला भेटलेत. अधूनमधून वाहणाऱ्या झऱ्यांसाठी सहसा वक्रनलिकेची, सायफनची कल्पना मांडतात, ती निराळी यंत्रणा आहे.

मग बोअरीतून पाणी वर का आलं? दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासता येतात.

पहिली साधी आहे. दरीच्या तळाशी भूजल वर चढत असतं. डोंगरावर मुरलेलं पाणी खोल जाऊन ओढ्याकडे, वहाळाकडे वळतं, त्यामुळे दरीत खोल मारलेल्या बोअरीत पाण्याची पातळी उथळ विहिरीपेक्षा उंच राहू शकते. भर पावसाळ्यात ती जमिनीच्याही वर येते. याला चिकणमातीचं झाकण लागत नाही, डोंगराचा आकारच पुरतो. दुसरी शक्यता तुमच्या तालुक्याची खास आहे. खाणपट्ट्यात खोलवर भुसभुशीत, पिठासारखं लोहखनिज आहे. ते पाणी छान धरतं आणि वर-खाली चिकणमाती असल्यामुळे तिथलं पाणी दाबाखाली असतं. बोअर त्या थरात गेली असेल तर गावकऱ्यांचा शब्द निदान बोअरीपुरता बरोबर ठरेल.

फरक कसा ओळखायचा? बोअरीच्या केसिंगला, म्हणजे आत बसवलेल्या पाइपला, घट्ट टोपी बसवा, टोपीतून एक पारदर्शक नळी उभी काढा आणि पाणी नळीत किती उंच जाऊन थांबतं त्यावर खूण करा. दर पंधरा दिवसांनी खूण. पाऊस सरल्यावर पातळी भराभर खाली गेली आणि दिवाळीपर्यंत जमिनीखाली उतरली, तर दाब हंगामी आणि जवळचा. शिमगा उलटला तरी फार हलली नाही, तर खालचा साठा मोठा आणि बंदिस्त आहे. बोअर मारणाऱ्याकडे थरांची नोंद मागा. बहुतेक वेळा ती नसते, पण ड्रिलरच्या पोऱ्याला कधी लाल चिखल आला, कधी पांढरा, कधी काळी-निळी पूड आली हे आठवतं. त्याला चहा पाजून विचारा. माझी बरीच माहिती अशाच चहांवर जमलीय.

मग खरी कसोटी. झरीचं पाणी सलग तीन दिवस मोजा, मग बोअरीवर पंप लावून दिवसभर चालवा आणि झर मोजत राहा. पाणी कमी झालं तर दोघींचं पोट एक आहे. त्या दिवशी नसेल, पण आठवड्याने कमी झालं तरी तोच अर्थ. हे मार्च-एप्रिलमध्ये करायचं. पावसाळ्यात काहीच कळत नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच पाणी असतं.

मोजायचं म्हणजे काही यंत्र नको. वीस लिटरची बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि सगळं पाणी एका धारेत आणणारा पीव्हीसीचा तुकडा. तीनदा भरायची, मधला आकडा लिहायचा. समजा 1 ऑक्टोबरला बादली साडेबारा सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला 1.6 लिटर. 1 जानेवारीला पंचवीस सेकंद लागले, म्हणजे 0.8. तीन महिन्यांत निम्मं. पाऊस थांबल्यावर साठा रिकामा होण्याची गती अशीच असते, दर ठरावीक मुदतीला निम्मं, हे एदमों माये या फ्रेंच अभ्यासकाने 1905 मध्येच सूत्रात मांडलं. त्या हिशेबाने 1 एप्रिलला 0.4 आणि पाऊस सुरू होण्याआधी पाव लिटर सेकंदाला. पाव लिटर म्हणजे दिवसाला 21,600 लिटर, पंधरा-वीस घरांना भरपूर. आता तुमच्या मोजणीत फेब्रुवारीपर्यंत सगळं या रेषेवर चाललं आणि मग एकदम खाली कोसळलं, तर झर म्हातारी होत नाहीये, कोणीतरी उपसतंय. पाऊस कमी पडला की रेषा सुरुवातीलाच खालून निघते पण तिचा उतार तोच राहतो. मधेच मोडली तर ती माणसाची करणी. लोक दोन्हीला 'पाऊस कमी झाला' म्हणून मोकळे होतात. या एका भेदासाठी मी वही ठेवायला सांगते.

काहीजण समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या प्रकारांची, चाचणी सुचवतील. भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्तराखंडात या पद्धतीने झऱ्यांची पुनर्भरणाची जागा शोधून दाखवलीय, कारण उंचीनुसार पावसातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. पण तो बदल शंभर मीटरला जेमतेम असतो. हिमालयात हजार मीटरचा फरक मिळतो, तुमचा सडा वाड्यापासून किती उंच? त्या पैशांत गावाला चांगला ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा) आणि पीएच मीटर (आंबटपणा मोजणारा) येईल. ट्रिटियम, हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, मात्र वेगळं. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षांचं, त्यामुळे बोअरीचं पाणी कालच्या पावसाचं की कित्येक दशकांपूर्वीचं एवढं ते सांगतं. बोअर आर्टेशियन निघाली तर ती चाचणी करून घ्या.

ईसी मीटरने काय दिसतं? जांभ्यातलं पाणी फार कोवळं असतं, क्षार अगदी थोडे, आणि चवीला गोड लागलं तरी आंबट, पीएच बऱ्याचदा साडेपाच-सहाच्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, मर्यादा 6.5 ते 8.5 अशी आहे, म्हणून प्रयोगशाळेचा कागद आला की घबराट होते. मुरलेल्या पाण्यात मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, पाणी उंचावरून पडलं, खळखळलं की तो उडतो आणि पीएच थोडा वर येतो. त्यामुळे पीएच झरीवरच मोजायचा, बाटलीत भरून पणजीला नेऊन नाही. आंबट पाण्याचा त्रास पोटापेक्षा लोखंडी पाइपांना जास्त होतो. पंचायत जीआय पाइप घालणार असेल तर आत्ताच अडवा.

झरीच्या कडेला शेंदरी बुळबुळीत साय आणि वर तेलासारखा रंगीत तवंग दिसत असेल, तर डिझेल गळतंय म्हणून आरडाओरडा करण्याआधी काडीने तवंग ढोसा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोह खाणाऱ्या जिवाणूंचं काम. काडीमागे फिरून पुन्हा एकजीव झाला तर तेल. गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्स ही त्या जिवाणूंची नावं. खोलातलं लोह विरघळलेल्या रूपात वर येतं, हवा लागली की हे जिवाणू त्याचा गंज करतात आणि त्यातून जगतात. ऊन न लागता, हिरवं पान न लागता जगणारी ही दुनिया. तुमचा पांढरा जीव याच दुनियेतला.

तांदळाएवढा, पांढरा, डोळे नाहीत, आणि कुशीवर पोहतो. कुशीवर पोहणं ही मोठी खूण आहे. बहुधा तो अ‍ॅम्फिपॉड आहे, कोळंबीचा लांबचा भाऊ, दोन बाजूंनी चेपलेला, म्हणून आडवा होऊन सरकतो. फोटो नाही, तेव्हा 'बहुधा' म्हणतेय. भूजलात राहणारे असे आंधळे अ‍ॅम्फिपॉड भारतात नवे नाहीत. 1923 मध्येच चार्ल्स चिल्टन यांनी बंगालमधल्या एका खाणीत सापडलेल्या आंधळ्या अ‍ॅम्फिपॉडचं वर्णन केलं होतं. खाणीत, बघा. खाण खोदताना माणूस त्यांच्या घरात शिरला म्हणून तो सापडला.

असे जीव पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेले असतात. डोळ्यांचा, रंगाचा खर्च शरीराने सोडून दिलेला असतो. त्याऐवजी शिंगं, म्हणजे स्पर्शक, लांब होतात, कारण अंधारात चाचपडत आणि वास घेत जगायचं असतं. खायला फार थोडं मिळतं, वरच्या जंगलातली पानं कुजून पाण्याबरोबर उतरलेलं सेंद्रिय द्रव्य, त्यावर वाढलेला जिवाणूंचा पातळ थर. म्हणून सगळं सावकाश. अंडी थोडी, वाढ हळू, आयुष्य लांब. युरोपात गुहांमध्ये राहणारा ओल्म नावाचा सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर, शंभर वर्षं जगू शकतो असा अंदाज आहे. मच्छर एका आठवड्यात परत येतो. हे जीव एकदा ब्लीचिंगने मेले की परत यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब आपल्या कॅलेंडरवर मांडताच येत नाही.

आर्टेशियन पाणी आणि असे जीव यांचं नातं टेक्सासमध्ये ठळक दिसलं. सॅन मार्कोस गावात 1895 मध्ये मारलेल्या आर्टेशियन बोअरीतून पाण्याबरोबर फिकट, आंधळे सॅलमँडर बाहेर फेकले गेले. 1896 मध्ये त्यांचं वर्णन झालं. त्याच बोअरीतून पुढे चाळीसहून जास्त जातींचे भूजल-जीव मिळाले. एका भोकातून! सॅन अँटोनिओच्या खोल बोअरींतून तर शेकडो मीटर खालचे आंधळे मासे आले. त्या जलधराचं, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराचं, नाव एडवर्ड्स. 1956 च्या दुष्काळात त्यावरचे कोमाल झरे आटले आणि तिथला फाउंटन डार्टर हा छोटा मासा त्या झऱ्यांतून नाहीसा झाला, पुढे तो दुसरीकडून आणून सोडावा लागला. नंतर झऱ्यांतल्या दुर्मीळ जिवांच्या नावाने लोक कोर्टात गेले आणि 1993 मध्ये उपशावर मर्यादा घालणारं प्राधिकरण कायद्याने उभं राहिलं. शेतकऱ्यांनी, शहराने, कारखान्यांनी एकमेकांशी भांडून जे झालं नाही ते बोटभर माशाने केलं.

आपल्याला टेक्सासपेक्षा केरळ जवळचं. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी 1807 मध्ये छापलं, ते मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगाडिपुरमचा दगड बघून. 2018 च्या महापुरानंतर त्याच जिल्ह्यात भाताच्या खाचरात एक विचित्र लांबट मासा वर आला. 2019 मध्ये त्याचं नाव ठरलं एनिग्माचन्ना गोलम आणि तो इतका वेगळा निघाला की पुढे त्याच्यासाठी नवं कुळ मानावं लागलं. कोट्टायमच्या विहिरींतला जेमतेम दीड इंचाचा, लालसर, आंधळा होराग्लानिस मासा 1950 पासून माहीत आहे. 2023 मध्ये त्याच वंशातली आणखी एक जात मिळाली, तिचं नाव पॉप्युली, 'लोकांचा'. कारण नमुने आणि बातम्या लोकांनी दिल्या, विहीर उपसताना, टाकी धुताना, नळातून बादलीत पडल्यावर. आंध्रात वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा-गोदावरीच्या काठची वाळू आणि बोअरी चाळून डोळ्यांनी धड न दिसणारे कोपेपॉड आणि बाथिनेला, कोळंबीचेच आणखी दूरचे भाऊ, शोधले. तोच जांभा, तसाच पाऊस आपल्याकडे आहे. आपण घागर गाळून घेतो आणि फडकं झटकून टाकतो, एवढाच फरक.

हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका झरीवर मी बायकांच्या नायलॉनच्या मोज्याने जाळं केलं होतं, पाइपच्या तोंडाला रबराने बांधून. पहाटे मोजा उलटा करून पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत झटकला. वाळू, जांभ्याचे लाल कण, एक मेलेली मुंगी. काहीच नाही म्हणून ताटली उपडी करणार, तेवढ्यात विजेरीच्या उजेडात वाळूचा एक कण चालायला लागला. मग दुसरा. सरळ रेषेत नाही, थांबत, चाचपत. ज्यांच्या अंगणात आम्ही बसलो होतो त्या आजींनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आमचे नेहमीचे. घागरीच्या बुडाला असतात." सत्तर वर्षं त्या बघत होत्या, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आता पाणी पिण्याचं काय? जीव आहे म्हणजे पाणी शुद्ध असं नाही, आणि जीव आहे म्हणजे घाण असंही नाही. तो एवढंच सांगतो की पाण्यात प्राणवायू आहे, झरीचं मूळ साठ्याशी जोडलेलं आहे आणि निदान अलीकडे त्यात फार विषारी काही गेलेलं नाही. हगवणीचे जंतू त्याच्या शेजारी सुखाने राहू शकतात. जांभा चाळणीसारखा असल्यामुळे सड्यावर घर झालं आणि शोषखड्डा खणला की तिथलं पाणी थेट झरीत उतरू शकतं, मधे गाळणारी माती नसते. म्हणून एच-टू-एसची, म्हणजे जंतूंच्या ढोबळ चाचणीची, बाटली आणा, पाणी भरून दीड दिवस ठेवा, काळी झाली तर पाणी प्रयोगशाळेत पाठवा. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही असता कामा नये. आणि नायट्रेट तपासून घ्या. कोवळ्या पाण्यात नायट्रेट वाढताना दिसलं तर शोषखड्डे शोधायला वर चढा.

पंचायतीच्या टाकीबद्दल मला जास्त काळजी वाटते. मी आत्तापर्यंत जेवढ्या झरी मेलेल्या पाहिल्या, त्यातल्या अर्ध्याअधिक प्रेमाने मेल्या. एका गावात झरीवर फरशी, पायऱ्या, सिंहमुखी नळ असं सुंदर काम झालं. फक्त नळाखाली हंडा बसावा म्हणून ठेकेदाराने पाणी बाहेर पडण्याची जागा दोन फूट वर घेतली. पाण्याला दोन फूट चढायला दाब लागतो, आणि संपर्क-झरीत दाब नसतोच, हे वर सांगितलंय. पहिला पावसाळा टाकी भरली. दुसऱ्या वर्षी पाण्याने पंचवीस पावलांवर, एका भाटाच्या कडेला, नवी वाट काढली आणि सिंह कोरडे झाले. गावाने देवाचा कोप म्हणून गाऱ्हाणं घातलं. तोडून जुनी पातळी दिली तरी सगळं पाणी परत आलं नाही.

म्हणून नियम एकच, पाणी आज ज्या पातळीवर बाहेर पडतं त्याच्या वर एक इंचही त्याला चढवू नका. हंडा खाली बसत नसेल तर खड्डा खणून हंडा खाली न्या. डोळ्यापाशी काँक्रीट ओतू नका. धुतलेला खडा भरा, वर चिकणमातीचा थर दाबा, त्यावर माती. पाणी एका पाइपातून खालच्या टाकीत न्या आणि टाकी झरीपासून वेगळी, खाली बांधा. क्लोरीन तिथे. टाकीचं वाहून जाणारं पाणी बंद करायचं नाही, ते वहाळाचं आहे.

झरीचं खरं राखण सड्यावर आहे. चिरेखाण हा माझ्या मते बोअरीपेक्षा मोठा धोका. चिरे काढताना पाणी साठवणारा जांभाच ट्रकातून जातो, मग पुनर्भरण कशात करणार? खाणकाम खोल गेलं की ते दाबाच्या थरालाही भोक पाडतं. तमिळनाडूत नेवेलीला लिग्नाइटच्या खाली आर्टेशियन जलधर आहे, खाण फुटू नये म्हणून तिथे दिवस-रात्र पाणी उपसून दाब कमी ठेवावा लागतो. आपल्या खाणपट्ट्यात खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले तेव्हा उपसा झाला आणि आसपासच्या विहिरींनी तो भोगला, हे डिचोलीकरांना मी काय सांगू? 2012 मध्ये खाणी थांबल्यावर ते खड्डे भरून तळी झाली. पुन्हा काही सुरू झालं असेल किंवा होणार असेल तर तुमची वही हाच तुमचा पुरावा, कारण 'आधी किती पाणी होतं' हे सांगणारं दुसरं कोणी नसतं. बोअरींसाठी गोव्यात 2002 चा भूजल नियमन कायदा आहे. कुळागरातली बोअर परवानगीची आहे का, हे जलस्रोत खात्यात विचारा, भांडणासाठी नव्हे, नोंदीसाठी.

सड्यावर चर खणण्याची घाई मात्र नको. लिथोमार्जचा उतार जमिनीच्या उतारासारखाच असतो असं नाही. सड्यावर पाडलेलं पाणी तुमच्या झरीऐवजी पलीकडच्या गावाला जायचं, त्यांचं भलं होईल, पण पैसे तुमचे. आधी सड्याभोवती फिरून सगळ्या झरी नकाशावर घ्या, कुठली जास्त वाहते ते बघा, मग उतार कळतो.

चवथीनंतर, पाऊस ओसरायला लागला की मोजणी सुरू करा. तोवर नायलॉनचा मोजा बांधून बघा. रात्री आठ-नऊला पाइपला बांधा, सगळं पाणी त्यातूनच जाईल असा. ताटली पांढरी हवी. दोन-चार जीव छोट्या बाटलीत शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नको, त्यात डीएनए खराब होतो. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, तारीख आणि झरीचं नाव, कारण शाई अल्कोहोलमध्ये पुसते. बाकीचे परत झरीच्या तोंडाशी सोडा. आणि मोजा उजाडायच्या आत काढा, पाण्याला येणाऱ्या बायका तुमच्यासाठी थांबणार नाहीत.